वजाबाकीतलं तेज

...आणि वर संस्थेतली पोरं मलाच विचारतात, "सर, शांत आहात ना?" शांत? अहो, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं एका ठिपक्याची उपासना केली मी! सकाळी देवापुढे हात जोडायचे, दिवसभर संगणकापुढे डोळे फोडायचे. काम काय? तर वजाबाकी! म्हणजे बघा, ताऱ्यांमधल्या त्या अफाट पोकळीत विश्वकिरण सैरावैरा धावत असतात, ते तिथल्या विरळ वायूवर आदळतात, त्यातून गॅमा किरण निघतात, आणि सगळं आकाश धुरकट उजळून निघतं. आम्हाला तो उजेड नकोच! आम्हाला हवा त्याच्याआड दडलेला एखादा अज्ञात तारा. मग वायूचा नकाशा घ्यायचा, त्यावरून उजेडाचा अंदाज बांधायचा, आणि... करा वजा!

माझ्या वजाबाकीत एक ठिपका उरला. तेजस्वी! अढळ! निवृत्तीला आठ दिवस, शुक्रवारी निरोपाचं भाषण, मोठे साहेब स्वतः म्हणाले, "सगळी संस्था ऐकायला बसवतो." जन्माचं सार्थक आणखी वेगळं काय असतं हो?

तर गुरुवारी नकाशा विभागातल्या बाई दारात. "सर, रागावणार नाही ना?" या वाक्यानंतर आजवर कोणाचं भलं झालंय? "तुमच्या ठिपक्याच्या जागी वायूचा ढग आहे. जुन्या नकाशातून कोणीतरी पुसलाय. हाताने."

कोणीतरी! अहो, मीच! अकरा वर्षांपूर्वी, दुर्बिणीचा डाग समजून, अगदी श्रद्धेने पुसला! ढगच नाही म्हटल्यावर त्याचा उजेड वजा होणार कसा? तो बिचारा उरला, आणि मी त्यालाच तारा म्हणून पुजत बसलो! बाईंनी ढग जागेवर ठेवला, म्हणाल्या, "करू वजा?" मी म्हटलं, करा वजा! ठिपका नाहीसा. भाषण नाहीसं. मोठे साहेब फोनवर एवढंच म्हणाले, "मग... चहापान तेवढं ठेवू."

घरी येऊन हिला सांगितलं. देवापुढची वात सारखी करत ही म्हणते, "अहो, जो उजेड तुम्ही जन्मभर नको नको म्हणून वजा केलात, तोच दर्शन देऊन गेला की!"

बरोबरच होतं... तेच तर दुखतंय!

आता निवृत्त. काल हिनं कपाटं आवरायला काढली, मी आपला मदतीला पुढे झालो, तर माझ्या हातातलं फडकं काढून घेत म्हणते, "तुम्ही नुसतं बघा. पुसायला मी आहे!"