माझा फोटो, त्याची डिग्री

चूक नारायणकाकाचीच. समाजाच्या वधू-वर वेबसाइटचा तो अध्यक्ष, आणि ती बनवणारा मी, कॉलेज सोडलेला; माझंही स्थळ तिथंच टाकलेलं. जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या नव्या अपडेटनं फोटो माऊसनं धरून सरकवता यायला लागले. म्हटलं, “काका, हात नका लावू. अजून नुसता फोटोच सरकते, माहिती तिथंच राह्यते.”

“मले शिकवतं का बे?” म्हणत त्यानं आपल्या डॉक्टर भाच्याचा फोटो सगळ्यात वर, माझ्या जागी ओढला. माझा खाली त्याच्या एमबीबीएसवर जाऊन बसला.

जाम गावावरून एका पोरीच्या बापाचा काकाला फोन आला, “तो मिशीवाला पोरगा पाठवा.” मिशीवाला म्हणजे मीच, आम्ही गेलो. पोरगी मला आवडली, तीही हसली. तेवढ्यात तिच्या बापानं हात पुढे केला, “डॉक्टरसाहेब, जरा बीपी पाहून देता?”

काका खेकसला, “हा कुठचा डॉक्टर? डॉक्टर माहा भाचा हाय!”

ती आता त्या भाच्याची बायको आहे.