कोहारूची आसागाओ

हॅलो? … हॅलो, हो, आजोबाच बोलतोय. कोहारू ना? … अगं, जरा मोठ्याने बोल, इथे झाडांवर सेमी किडे कोकलतायत, माझंच मला ऐकू येत नाहीये…

हो, बागेतच आहे अजून. … एकटाच. आजीचे गुडघे दुखतायत. ती म्हणाली, तुम्हीच चढा तो डोंगर. … नाही गं, हरवलो नाही. एकाच बांबूच्या बनातून दोनदा गेलो, पण त्याला हरवणं नाही म्हणत.

जेवलो ना. तळ्याकाठी बाकावर बसलोय. आजीने दिलेले भाताचे ओनिगिरी खाल्ले, आत आंबट उमेबोशी, वर सातूचा गार चहा. … समोर काय आहे सांगू? पाण्यावर एक पान आहे, तुमच्या जेवायच्या टेबलाएवढं. कडा वर वळलेल्या, परातीसारख्या. … खरंच. तू बसलीस तरी बुडायचं नाही. … आईचं सांगता येत नाही. तिला विचारू नकोस हं.

आणि काचेच्या घरात एक झाड पाहिलं, त्याला पानांच्या टोकाला सुरया लटकलेल्या, वर झाकण. माशी आत गेली की संपली. … नाही, बोट नाही घातलं मी. वाटलं होतं घालावंसं.

… हो, आहे लक्षात. तेच सांगणार होतो. … पाहिल्या. आसागाओच्या वेली फुललेल्या पाहायच्या म्हणून तर दार उघडायच्या आधी येऊन उभा राहिलो, फुलं पहाटे उमलतात, दुपारी सगळी मिटून जातात. … अगं, काय सांगू. मांडवभर कुंड्या. निळ्या, जांभळ्या, एक तर धुतलेल्या आकाशासारखी, कडेला पांढरी रेघ. इतकी वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलं, दर उन्हाळ्यात वर्गाबाहेर कुंड्यांची रांग असायची, पण हे असं… तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. शेजारची बाई म्हणाली, आजोबा, माशी जाईल.

… दुकान? … आहे. फुललेल्या कुंड्या विकायलाही आहेत.

… नाही. नाही घेतली.

… कोहारू… अगं ऐक ना… हो, हो, तू म्हणाली होतीस. माझ्या वेलीला फूलच येत नाही, तुम्ही फुललेली वेल आणा, शाळेच्या निळ्या कुंडीत लावू, नावाची पट्टी आहेच, बाईंना कळणार नाही. … हो, कदाचित नसतंच कळलं. … रड हवं तर. मी आहे इथे.

… वर्गातला हायाते असं म्हणाला? 'तुझी वेल तुझ्यावर रुसलीय'? … बरं, त्याचं राहू दे.

… बियांचं ना? ठाऊक आहे मला. पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या पिल्लांना तुम्ही बियांची पुडी द्यायची. सगळे देणार आणि तुझाच हात रिकामा. … म्हणून तर मी आलो गं इथवर. पण विकतच्या वेलीच्या बिया दिल्यास आणि त्या पिल्लाने विचारलं, ताई, तू हिला कशी वाढवलीस, तर काय सांगशील? … हं. तेच.

आता एक गंमत सांगू? आधी नाक पूस. … पुसलंस? बाहीला नाही ना?

त्या मांडवाच्या दाराशी कोल्ड्रिंकचं मशीन आहे. … तसंच, नाणं टाकलं की डबा पडतो. त्याच्या शेजारच्या कुंड्यांना एकही फूल नव्हतं. पानं मात्र ही एवढाली, हिरवीगार. त्यापुढच्यांना एखाद-दुसरं. आणि पार टोकाच्या? … बरोबर, लगडलेल्या. माती तीच, पाणी तेच. मी तिथेच उभा राहून विचार करत बसलो, मशीन काय करत असेल बरं? … आवाज करतं, हो. आणखी? … डबे गार करतं. बरं. आणि रात्री, बाग बंद झाल्यावर? … घाई नको. … तुमच्या कोपऱ्यावरही आहे ना एक? रात्री खिडकीतून कसं दिसतं?

… शाब्बास. रात्रभर उजेड.

मग आता सांग, तुझी कुंडी कुठे असते? … वादळ येणार म्हणून आईने गॅलरीतलं सगळं आत घ्यायला लावलं, ते ठीक. पण वादळ जाऊन किती दिवस झाले? … तुझ्या गादीशी. … तिला एकटं वाटू नये म्हणून. बरं. आणि तो तुझा सशाचा दिवा… रात्रभर?

… कोहारू? … आहेस ना?

… नाही गं, तू काही वाईट नाही केलंस तिचं. ती तर मजेत आहे, पडद्यावर चढलीय म्हणालीस ना? तिला फक्त रात्र झाल्याचं कळत नाहीये. लांब, काळोखी रात्र मिळाली की तिला उमजतं, दिवस लहान व्हायला लागले, आता फुलायला हवं. … हो, एवढंच. … रुसली-बिसली नाही. हायातेला सांग, आजोबांनी तपास केलाय.

… उद्या नाही. कळी धरायला वेळ लागतो. शाळा उघडेल तेव्हा कळ्या दिसतील बहुतेक, फुलं त्यानंतर. पण बिया होतील, थंडीच्या आधी होतील.

तर आज रात्री तिला मागच्या गॅलरीत ठेव, तिकडे रस्त्याचा दिवा नाही. … का नको? … एकटी घाबरेल? वेली नाही घाबरत अंधाराला. … बरं, तू म्हणतेस तर राहू दे खोलीत. पण मग तुझा दिवा…

… काय म्हणालीस? परत सांग.

… तू बंद करणार. … नाही, मी हसत नाहीये. अजिबात नाही.

… आत्ता? भर दुपारी? … बरं, सराव म्हणून. खिडकीच्या झडपा ओढ. … ओढल्यास? … बस चुकेल माझी, चुकू दे, मागून दुसरी आहे. … आता दिवा. … हं, कळ दाबल्याचा आवाज आला मला.

… झाला काळोख? … मी आहे. … नको बोलूस, चालेल.

…

… वेल दिसत नाही, पण पान हाताला लागतंय? … धर. ओढू नकोस फक्त.

… कोहारू? … दिवा लावलास? … नाही?

… बरं. मग मी फोन ठेवतो, अगदी हळू. तिला झोपू दे.