ताप आला? छान!

...न्हाई, तुमीच सांगा, पेशंटला ताप आला म्हणून खूश होणारी डॉक्टरीण कवा बघितलीया का? मी बघितली, सांगलीत! तुमाला सांगतो, मी सुभेदार लालासाहेब, रहिमतपूरचा, लडाखच्या बर्फात उभा राहिलेला गडी, आन भर मे महिन्यात दोन गोधड्या घिऊन एसटीडी बूथात कुडकुडतोय, आन ती क्षमा डॉक्टरीण फोनवर काय म्हणती? "ताप आला? छान!" छान?

झालं काय, पोटात डावीकडं जड लागाय लागलं, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्याल्या. रक्ताचा कॅन्सर. आमच्या कारभारणीनं, शालूबाईनं, तिथंच पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो... पुढची पानं आपली का न्हाई, कुणाला ठावं.

डॉक्टरीण म्हणाली, "काका, इंटरफेरॉनची इंजेक्शनं देऊ. फ्लूचा विषाणू शिरला की शरीर हे रसायन स्वतःच बनवतं. त्याचा निरोप पोचला की पेशींतली झोपलेली जनुकं जागी होतात. काही विषाणूला अडवतात, काही पेशींची वाढ आवरतात."

"म्हंजी बिगुल!"

"अगदी! आणि बिगुल वाजला की ताप येणारच."

आला की! अंग ठणकतंय, दात वाजत्यात, आन हिकडं... "ताप आला? छान!"

त्यात ते औषध गारव्यात ठिवायचं. आमच्यात कुठला फ्रिज? कोंडीबाच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात, सोड्याच्या बाटल्यांमागं ठिवलं. तर ह्यो गिऱ्हाइकांना सांगतोय, "सुभेदारांचा ताप हाय त्यो, हात लावू नगा!" वर मला म्हणतो, "आवं, सर्दीपडशानं शरीरच बनवतंय म्हणता, मग इकतचं कशाला? मी शिंकतो की तुमच्या तोंडावर!" शालूबाई लाटणं घिऊन उठली, "शिंकून तर बघ!"

गावभर झालं की हो! स्टँडवर, देवळात, लोक लांबनंच वरडत्यात, "ताप आला? छान!"

दिवाळीनंतर परत रक्त तपासलं. डॉक्टरीण रिपोर्ट वरनं खालपत्तोर बघती, आन परत पयल्यापासनं बघती. शालूबाईनं माझं मनगट असं आवळलं, बेडीच!

"काका, पेशी आटोक्यात आल्यात."

शालूबाई रडाय लागली, मी बी नाक शिंकरलं... सर्दी न्हवती ती, सांगून ठिवतो. म्हणलं, "मग आता इंजेक्शनं बंद?"

"छे! लागू पडलंय, आता बंद कसं करायचं?"

घ्या! फौजेत बी आसंच बघा... जो ड्युटी चांगली करतो, त्यालाच पुन्ना ड्युटी!