अठरा अंशांची खोली

— नाही हो दादा, खिडकी उघडून भागणार असतं तर तुम्हाला सकाळी सकाळी धावतपळत बोलावलंच नसतं! या खोलीत अठरा अंशच लागतात. आणि आत्ता किती आहे, बघा — सव्वीस. अकराला ग्राहक येणार. साहेबांचे तीन फोन येऊन गेले, 'थंड झालं का, थंड झालं का' — जसं काही मी फुंकर मारत बसलेय. तुम्ही चढा शिडीवर, मी धरते. धरते हो, मला दुसरं काय काम! सहा वर्षं इंजिनिअरिंग शिकले आणि एसी दुरुस्त करणाऱ्याची शिडी धरतेय — तुम्हाला नाही बोलत, माझं मलाच.

एवढी थंडी कशाला? सगळ्यांना सांगतो तेच सांगू — 'उपकरणं नाजूक आहेत'? कसली नाजूक डोंबलाची! ही बघा, नखाएवढी चिप. मेमरीतून येणारी माहिती ऐकून घेणं हे हिचं काम. तारेतून शून्य आणि एक येतात, एका सेकंदात काही अब्ज — इतक्या घाईनं, की आधीचा विरायच्या आत पुढचा येऊन आदळतो. तुम्ही रिकाम्या खोलीत भराभर आकडे म्हणून बघा — पाच घुमतोय तोवर सात त्याच्या अंगावर! वर शेजारच्या तारांची कुजबुज वेगळीच. मग ऐकणाऱ्यानं काय करायचं? आत्ताच काय ऐकलं ते लक्षात ठेवायचं, आणि त्याचा घुमारा नव्या आवाजातून वजा करायचा. किती वजा करायचा, तो एक आकडा — सगळं शहाणपण त्या एका आकड्यात. कमी केलात तर जुनं मागे उरतं, जास्त केलात तर नवंच खाऊन टाकता. आणि उष्णता वाढली की घुमारा बदलतो, म्हणजे आकडाही बदलायला हवा. चिप सुरू होताना दर वेळी स्वतःच मोजून घ्यायची तो — तशी सोय होती. साहेबांनी काढायला लावली. का, तर यंत्र सुरू व्हायला वेळ लागतो! मग एकच आकडा कायमचा घालून टाकला. कुणी घातला? — तुमचा स्क्रू पडला बघा. हा घ्या.

घातला म्हणजे, याच टेबलावर ठरला, अठरा अंशांत. या स्क्रीनवर बदामासारखा आकार दिसतोय ना, त्याला आम्ही डोळा म्हणतो — जितका उघडा, तितकं चिपला स्वच्छ ऐकू येतं. तेव्हा काय टपोरा उघडला होता! आत्ता बघा, कसा पेंगुळलाय. तीस अंशांना मिटतोच. मिटला की शून्याचा एक आणि एकाचं शून्य, आणि चिपला वाटतं आपण बरोबरच ऐकलं.

सांगितलं ना, साहेबांना सांगितलं! आम्ही त्यांना टिकसाहेब म्हणतो, दिसेल त्या रकान्यात हिरवी टिक करतात. दातात काडी घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ती काडी माझ्या कपाच्या बशीत ठेवली आणि म्हणाले, 'मग ग्राहक येतील तेव्हा खोली थंड ठेव.' बास. तो कप मी तीनदा घासला, तरी त्यातून प्यावंसं वाटत नाही. आणि तरीही दुसऱ्या दिवसापासून अठरावर कोण ठेवायचं? मीच. चांगलं स्वेटर आणून ठेवलंय खुर्चीवर.

रिपोर्टात? आहे की रिपोर्टात — 'सर्व तापमानांना तपासले'. सही... सही माझीच. म्हणजे, दादा, ऐका — ही टेस्ट गरम पेटीत करतात, तीन तास जातात. मी लावणार तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, मुलीला ताप चढलाय, न्यायला या. म्हटलं, आज लिहून टाकते, उद्या करते. तो उद्या उजाडला महिन्यानं. तेव्हा कळलं डोळा मिटतो ते. तोवर टिक होऊन रिपोर्ट गेलासुद्धा. साहेबांची किळस येते म्हणते मी — ती यायचा हक्क तरी आहे का मला, देव जाणे. हल्ली तर हात कितीही धुतले तरी तसेच वाटतात.

कुठे बसवणार चिप? तेच तर. नवजात बाळांच्या छातीत-पोटात बघायचं यंत्र असतं, खाटेशी नेऊन लावतात, त्यात. त्या खोल्या अठरा अंशांच्या नसतात, दादा. माझी दीड किलोची जन्मली. एकवीस दिवस बसले मी तिथे, पाठ घामानं भिजायची. भिंतीवरच्या तापमापकाखेरीज बघायला काही नसायचं — सत्तावीस, कधी अठ्ठावीस. आणि यंत्र स्वतःच्या पोटात तापतं ते वेगळंच. तिथल्या डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, 'हे बघा, इथे काहीही नाही. घाबरू नका.' आणि मी घाबरायची थांबले. त्या पडद्यावर विश्वास ठेवून! आता दुसरी कुणी तिथे बसेल, माझ्यासारखीच घाबरट, आणि तिला दाखवतील ते माझ्या आकड्यानं वजा करून उरलेलं.

काय म्हणालात? झालं? इतक्यात? म्हणजे आता नुसतं बटण दाबलं की —

थांबा. नका दाबू.

काढा हात, दादा. खाली या, शिडी धरलीय मी. होऊ दे अठ्ठावीस, होऊ दे तीस. येऊ देत ग्राहक, बसू देत समोर, बघू देत डोळा मिटताना. रिपोर्टही मीच काढून ठेवते, सहीचं पान वर करून. नोकरी? जाईल. पण लवकर उतरा, नाहीतर माझा विचार बदलेल. माझा बदलतो हो, फार पटकन बदलतो.

तुमच्या कागदावर लिहा, 'बाईंनी चालू करू दिला नाही.' आणा, त्याखाली मी सही करते. रिमोट खिशात टाका तुमच्या. न्या हो, म्हणतेय ना. आणि लिफ्टनं नको, साहेब वर येत असतील — जिन्यानं जा. जा, दादा. निघा.