अर्धवट सापशिडी

हॅलो? … हो, औषधांचंच दुकान. डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? … कोण? … अगं खारुताई, तू! … ओळखला गं आवाज, पण सात वर्षांनी, तेही दुकानाच्या नंबरवर… मला वाटलं, कुणाला तरी खोकल्याचं औषध हवंय.

थांब हं एक मिनिट. … काका, ही जेवणानंतर, दोन वेळा. उपाशीपोटी नाही. … हं, बोल. सगळं बरं आहे ना?

कुठली साइट? … आपण प्रोग्राम ठेवायचो ती? अजून होती? … बंद करतायत? … आज सहाला! अगं, सहाला पंधरा मिनिटं राहिलीत! … मला कुठून कळणार, तिथे ईमेल तुझा दिला होता ना आपण.

मग जाऊ दे की. काय एवढं सोनं आहे त्यात? … हो, अकरा प्रोग्राम, माहितीये. अकराच्या अकरा अर्धवट. कुंड्यांना पाणी कधी घालायचं ते सांगणारा… तो विणकामाचे नमुने काढणारा, सगळे टाके उलटेच दाखवायचा… हो, हो, तुझी चित्रं मात्र देखणी होती. माझ्या प्रोग्रामचाच आनंद! आठवडाभर गोळ्या विकायच्या आणि सुट्टी आली की बसायचं कॉम्प्युटर उघडून.

पासवर्ड? … तुझ्या सायकलच्या कुलपाचा आकडा. … विसरलीस? सात एक चार दोन. … आहे पाठ, त्यात काय! टाक तू पटकन. … उघडलं? मग उतरवून घे ना! आधी सापशिडी. … अगं तीच. बाकीचं राहिलं तरी चालेल.

… आली? हुश्श.

आत्ता कुठे खेळत बसतेस! … हो, सत्त्याण्णवच्या पुढे गेलं की सोंगटी परत पहिल्या घरात जाते. जाणारच. … नाही केलं दुरुस्त. … अवघड कसलं, एका ओळीचं काम. चूक मला पहिल्याच आठवड्यात सापडली होती.

… का म्हणजे? … अगं ऐक ना. हसू नकोस, ऐक. … दर रविवारी तू फोन करायचीस, ‘आज तरी जिंकता येतं का गं?’ म्हणून. मी म्हणायचे, शोधतेय. मग तासभर गप्पा. … प्रोग्राम पुरा झाला असता तर तू फोन कशाला केला असतास? … बाकीच्यांचंही तेच. एखादा पुरा व्हायला आला की तो तसाच सोडायचे. लगेच दुसरा काढायचे.

… तुझं लग्न झालं, गाव बदललं, मग मलाही प्रोग्राम लिहावेसे वाटेनात. … छे, राग कसला! आठवण यायची गं. फार यायची. … कशी करणार फोन? नुसती आठवण येते म्हणून फोन करायचा, हे सुचलंच नाही मला.

हॅलो? … रडतेस काय वेडे, समोर गिऱ्हाईक उभं आहे, मलाही रडवशील. … दोन मिनिटं हं ताई, देते तुमचं.

… झाले सहा? किती उतरले? … चारच? … असू दे. गेले ते गेले.

… रविवारी? का, काय काम आहे? … काहीच नाही? … नुसताच?

… कर ना. कर. … आणि ती सापशिडी पाठव इकडे. दुकान बंद केलं की दुरुस्तच करून टाकते. … हो. ठेवते आता.