डेकवर राहिलेली बॅटरी

अबोली : बाबा, थांबा! ती ई-सिगरेट आत्ता चार्जला लावायची नाही.

जगन्नाथ : का? बॅटरी पार संपलीये. लाइटसुद्धा लागत नाही.

अबोली : काल संध्याकाळपासून घरामागच्या डेकवर होती, स्नोमध्ये. गोठलेली बॅटरी चार्ज केली तर आतून खराब होते. मग कधी पेट घेईल, सांगता येत नाही.

जगन्नाथ : मग मायक्रोवेव्हमध्ये फिरव दोन मिनिटं.

अबोली : बाबा!

जगन्नाथ : गंमत केली गं. हसायचं पण बंद केलंय का तुझ्या डॉक्टरने?

अबोली : इथे ओट्यावर राहू दे तासभर. गारठा गेला की तिच्याच चार्जरने लावते. दोन तास लागतील.

जगन्नाथ : म्हणजे साडेतीन. आणि ऑक्सिजनचं मशीन घेऊन माणूस येणार तीनला.

अबोली : माहितेय मला.

जगन्नाथ : तुझा फोनचा चार्जर लाव ना. फास्ट आहे म्हणतेस.

अबोली : असल्या स्वस्तातल्या वस्तूला तो झेपत नाही. लॅबमध्ये दिवसभर मी फुगलेल्या, जळलेल्या बॅटऱ्याच बघते. आणि परवा तर तुम्ही उशीखाली चार्जिंगला लावून झोपलात! भिंतीपलीकडे नीना असते.

जगन्नाथ : नातीचं नाव काढलंस की संपलंच. ठेव ओट्यावर.

अबोली : डेकवर विसरलात कशी पण?

जगन्नाथ : विसरलो कुठे? तुझी गाडी वळताना दिसली, पटकन कुंडीमागे टाकली. चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप मुलीला घाबरतो, काय सांगू.

अबोली : मीच आणून दिली होती ना. सिगरेट सुटेल म्हणून. “ही सेफ आहे, बाबा,” असं मीच म्हणाले होते.

जगन्नाथ : चाळीस वर्षं सिगरेटी मी ओढल्या. ते स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस.

अबोली : मशीन आलं की ही घरात राहणार नाही. ऑक्सिजनजवळ ठिणगीसुद्धा चालत नाही.

जगन्नाथ : नळी काढून बाहेर गेलो तर?

अबोली : कपड्यांत मुरतो तो ऑक्सिजन. आणि जाणार कसे? आत्ता खोलीतून इथवर येताना तीनदा थांबलात.

जगन्नाथ : मोजलंस?

अबोली : रोज मोजते.

जगन्नाथ : आता सुधारणा नाही ना गं? खरं सांग.

अबोली : नाही, बाबा. फक्त त्रास कमी करायचा, असं डॉक्टर म्हणालेत.

जगन्नाथ : हं. मग आज एकदा बसव मला डेकवर. तुझी आई गेल्यापासून चहानंतरचे ते चार झुरके, तेवढंच माझं म्हणून उरलं होतं.

अबोली : बसवते. ब्लँकेट घेऊन दोघं बसू.

(तासाभराने.)

अबोली : बघा, आता गार लागत नाही. लावली.

जगन्नाथ : लाल लाइट लागला! चहा टाक.

अबोली : टाकते. अर्ध्या तासात चार झुरक्यांपुरती होईल... बेल वाजली का?

जगन्नाथ : वाजली.

अबोली : तीन कुठे वाजलेत? त्याला सांगते, अर्धा तास गाडीत बस म्हणून. बाबा? मी सांगते त्याला.

जगन्नाथ : नको.

अबोली : अहो, बसेल तो.

जगन्नाथ : डेकवर जायला माझ्याच्याने आता उठवत नाही गं. दार उघड. थंडीत उभा आहे बिचारा.