मामाची ग्वाही

एनेलेसी : चहा नको म्हटलं ना. ईस्टरआधीचा उपासकाळ चाललाय, दिवस मावळेपर्यंत मी काही घेत नाही. तू फक्त उत्तर दे.

वायसन : उत्तर दिलं की, ताई. तू ऐकूनच घेत नाहीस. अलिनाफेला आजच ब्लांटायरला पाठवतो. माझी गाडी नेईल. निवडणूक होईपर्यंत माझ्या तिकडच्या घरी राहील. नंतरचं नंतर बघू.

एनेलेसी : ती जायची नाही. काल विचारलं मी. म्हणाली, आई, मी पळाले की लोकांना ते खरंच वाटेल.

वायसन : काय खरं वाटेल?

एनेलेसी : मला विचारतोस? खासदार तू आहेस. तुझ्या मतदारसंघातल्या प्रत्येक फोनमध्ये ते आहे. तुझी भाची सरकारी गाडीतून येते, लेकरांचं रक्त काढते, बाटल्या भरून परदेशी धाडते. रक्त पिणाऱ्यांच्या टोळीतली आहे म्हणे. माझ्या पोटची पोर.

वायसन : लॅकसन, ताईनं तो व्हिडिओ बघितलाय का?

लॅकसन : तो न बघितलेला माणूस डोंगराच्या ह्या बाजूला उरला नसेल, साहेब. आई, मी साहेबांचं प्रचाराचं काम बघतो, मला हे रोजचं आहे. अलिनाफेचा फोटो त्यात मागाहून चिकटवलाय. आवाज कुठल्या तरी बाईचा आहे. रडत सांगतेय की झोपेत घरात कुणी तरी शिरलं, भुकटी फुंकली, सकाळी अंगात त्राण नव्हतं. ती बाई कोण, कुठली, मलावीची तरी आहे का, देव जाणे.

एनेलेसी : आणि त्या बाईच्या पाठोपाठ वायसनचं भाषण लावलंय. ते कुणी चिकटवलेलं नाही. ते खरं आहे.

वायसन : कुठलं भाषण?

एनेलेसी : बाजारच्या मैदानावरचं. गस्तवाल्या तरुणांना पक्षाच्या शिट्ट्या वाटल्यास, तेव्हाचं. ‘तुमच्या लेकरांचं रक्त पिणाऱ्याला हा वायसन मुहिवा सोडणार नाही.’ केवढ्या टाळ्या पडल्या. मी खाली बायकांत बसले होते. मला वाटलं, आता पुढे म्हणेल, पण असं कुणी नसतंच. तू पाणी प्यायलास आणि खाली बसलास.

वायसन : लोक घाबरले होते, ताई. घाबरलेल्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणायचं का? आधी त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. त्याचा विश्वास बसला की मग हळूहळू...

एनेलेसी : हळूहळू काय?

वायसन : हळूहळू समजवायचं.

एनेलेसी : कधी सुरुवात करतोयस?

लॅकसन : आई, साहेबांची अडचण समजून घ्या. समोरचा उमेदवार गावोगाव सांगत फिरतोय की सरकारनंच रक्त विकायला काढलंय. शेजारच्या मतदारसंघातल्या खासदारबाई होत्या ना, त्या उघड बोलल्या. हे सगळं थोतांड आहे म्हणाल्या. लगेच घरावर दगड पडले, आणि ग्रुपवर आलं की बाईंना प्रत्येक बाटलीमागे वाटा मिळतो. राजधानीतून, लिलाँग्वेहून पक्षाचा निरोप आहे. नाही म्हणू नका. चौकशी करू म्हणा, गस्त वाढवू म्हणा.

एनेलेसी : म्हणून शिट्ट्या.

लॅकसन : शिट्टीनं लोकांना धीर येतो.

एनेलेसी : नाही रे बाबा. सरकारनं शिट्टी दिली म्हणजे वाजवण्यासारखं काही तरी असणार, एवढंच त्यांना कळतं. आमच्या आळीतले कितीतरी जण आधी ह्या गोष्टीला हसायचे. गळ्यात शिट्टी पडली आणि हसायचे थांबले.

वायसन : तुला माझ्याकडून नक्की काय हवंय?

एनेलेसी : उद्या तुझी सभा आहे. तिथे सांग, रक्त पिणारं कुणी नाही. ही पोरं बोटाच्या टोकातून एक थेंब घेतात, काचेवर ठेवून मलेरिया बघतात. सांग, आणि सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचून घे. अलिनाफे टोचेल.

वायसन : आणि पडलो तर? नदीवरचा पूल अर्धा, शाळेचं छप्पर अर्धं. तो दुसरा निवडून आला तर तुमच्या आरोग्य केंद्राला पहिलं कुलूप लावेल. मग कुणाचं बोट टोचणार तुम्ही?

एनेलेसी : मंत्र्यासारखं बोलायला लागलास. मी तुझी बहीण आहे, पत्रकार नव्हे.

लॅकसन : साहेब, मध्ये बोलू का? एक वाट आहे.

वायसन : बोल.

लॅकसन : खासदार म्हणून बोलूच नका. मामा म्हणून बोला. आपल्याकडे बहिणीच्या लेकरांचा धनी मामा. उद्या अलिनाफेचं लग्न निघालं तर मुलाकडून येणारी सोयरिकीची कोंबडी ताब्यात घ्यायला साहेबच बसणार. तो मामा गावप्रमुखांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ही माझी, हिच्या बऱ्यावाईटाचा जाब मला विचारा, की संपलं. मामाची ग्वाही ओलांडून तिला हात लावायची कुणाची छाती आहे? रक्त पिणारे आहेत की नाहीत, त्या भानगडीत पडायचंच नाही.

वायसन : हे बरोबर आहे. ताई, हे तर माझं कामच आहे. हे मी डोळे मिटून करीन.

एनेलेसी : आणि लुसुंगूचं काय?

वायसन : कोण लुसुंगू?

एनेलेसी : अलिनाफेच्या बरोबरीचा. ती थेंब घेते, तो काचा तपासतो. उत्तरेकडचा आहे, तुंबुका. आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. रविवारी मला सायकलवर मागे बसवून चर्चमध्ये मिस्साला नेतो. त्याची बोली ऐकून आळीतली पोरं हसतात, तोही हसतो.

वायसन : बरं, मग?

एनेलेसी : त्याचा मामा इथे कुठे आहे? तू म्हणालास, अलिनाफे त्यातली नाही. लोक विचारतील, मग त्यातलं कोण?

वायसन : त्याचं नावही मी घेणार नाही.

एनेलेसी : घ्यावं लागत नाही. दोघं एकाच गाडीतून उतरतात. एकीला तू उचलून घेतलंस की दुसरा रस्त्यात एकटा उभा राहतो.

लॅकसन : त्याची बदली करून घेऊ. वरती माझी ओळख आहे. दोन-चार आठवड्यांत काम होईल.

एनेलेसी : सभा उद्या आहे.

वायसन : तोवर त्याला घरात बसायला सांग.

एनेलेसी : घर माहीत आहे सगळ्यांना. वायसन, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. वादळात पत्रे उडाले तेव्हाही नाही. आज मागते. त्यालाही तुझा म्हण. ही दोघंही माझीच लेकरं, दोघांचा जाब मला विचारा. एवढंच.

वायसन : तुंबुका माझा भाचा कसा होईल? लोक हसतील, ताई.

एनेलेसी : हसू देत ना. हसत असतील तोवर तरी कुणी दगड उचलणार नाही.

लॅकसन : हसणार नाहीत, आई. फोन काढतील. संध्याकाळपर्यंत फिरेल की खासदारानं बाहेरच्याला आपलं म्हटलं, म्हणजे ह्याचाही त्यात हात आहे.

वायसन : ऐकलंस? मी नाही म्हणत नाहीये. उद्या लोकांचा रंग बघून बोलतो. पण तुला शब्द देतो, अलिनाफेच्या केसाला धक्का लागणार नाही.

एनेलेसी : तो शब्द मी मागितला नव्हता.

(सभा होऊन दोन दिवस झाले. वायसनच्या घरची तीच खोली, दाराबाहेर पोलिसांची गाडी. एनेलेसीला खुर्ची दिली होती, पण दुखवट्यातल्या बायका बसतात तशी ती खाली चटईवर बसली आहे.)

वायसन : आलीस ते बरं केलंस. मला वाटलं, येणार नाहीस.

एनेलेसी : तुझा ड्रायव्हर आमच्या दारात उभाच राहिला. म्हणाला, तुम्हाला घेतल्याशिवाय मला परत जाता येणार नाही. बिचाऱ्याची नोकरी जायची.

वायसन : नक्की काय झालं? पोलीस एक सांगतात, लॅकसन दुसरंच सांगतो.

एनेलेसी : तू ग्वाही दिलीस. अलिनाफे माझी, म्हणालास. गावप्रमुखांनी मान डोलावली, बायका नाचल्या. घरी येताना वाटेत कितीजणींनी मला मिठ्या मारल्या. सुटलीस गं, म्हणाल्या. त्यातल्याच एकीनं विचारलं, तुझ्या भाडेकरूचा मामा कोण? मी म्हटलं, मी आहे की त्याची आई. ती हात सोडून पुढे गेली.

वायसन : तो घरात का नव्हता?

एनेलेसी : केंद्रात एका लेकराला ताप होता. काच बघायला दुसरं कुणी नव्हतं. तपासून परत निघाला, सायकलवर. तुझ्या अर्ध्या पुलापाशी शिट्टी वाजली. एक वाजली की ज्याच्या गळ्यात आहे त्यानं वाजवत धावायचं, हे तूच मैदानावर करून दाखवलं होतंस. सगळ्या आळीच्या वाजल्या.

लॅकसन : आई, पुरे. साहेबांची तब्येत बरी नाही.

एनेलेसी : त्यानं विचारलं म्हणून सांगते. पिशवीत काचा होत्या. त्यांच्यावर डाग होतेच ना, रक्ताचे. उन्हात धरून एकमेकांना दाखवत होते. फोनमध्ये घेत होते. लुसुंगू त्यांना समजावत होता, पण त्याच्या बोलीत. घाबरला की त्याला इकडची बोली सुचत नसे. कुणाला काय कळणार? मी पोचले तेव्हा सायकलच तेवढी धड होती.

वायसन : देवा रे.

एनेलेसी : देवाशी मी बोलते आहे. तू तुझं सांग. कशाला बोलावलंस?

वायसन : लिलाँग्वेहून फोन आले. मंत्री येतायत. आता सगळे पक्ष मिळून एकच बोलायचं ठरलंय, समोरचा उमेदवारसुद्धा. आज संध्याकाळी रेडिओवर मी बोलणार आहे. लॅकसन, वाचून दाखव ताईला.

लॅकसन : ‘बंधुभगिनींनो, रक्त पिणारं कुणी नाही. कधी नव्हतं. फोनवर फिरणारे आवाज आणि चित्रं खोटी आहेत. आरोग्य सेवक बोटाच्या टोकातून एक थेंब घेतात, तो मलेरिया तपासण्यासाठी. ते कुठल्याही गावचे असोत, ती माझीच लेकरं आहेत. त्यांचा जाब मला विचारा.’

वायसन : कसं आहे?

एनेलेसी : चांगलं आहे. शब्द न् शब्द बरोबर आहे.

वायसन : तुझेच शब्द आहेत, ताई. तू सांगितलंस तेच घेतलंय.

एनेलेसी : हो. मी सांगितलं तेव्हाही एवढंच लहान होतं.

लॅकसन : खाली एक ओळ आहे, मृताच्या कुटुंबीयांचं सांत्वन. तिथे आडनाव लिहायचं राहिलंय. पोलिसांकडे काही तरी वेगळंच लिहिलंय. तुम्हाला माहीत असेल.

एनेलेसी : म्हांगो. लुसुंगू म्हांगो.

वायसन : शवपेटी मी पाठवली. लॉरीही माझीच आहे, थेट त्याच्या गावापर्यंत नेईल. ताई, संध्याकाळी अलिनाफेलाही घेऊन ये. रेडिओवर माझ्या शेजारी बसून ती दोन शब्द बोलली तर लोकांवर वेगळाच परिणाम होईल.

एनेलेसी : ती नाही इथे.

वायसन : कुठे आहे?

एनेलेसी : लॉरीत. पेटीजवळ बसून गेली. मेलेल्याला परक्यांच्या स्वाधीन करून वाटेला लावत नाहीत. त्याचं माणूस इथे दुसरं कोण होतं?

वायसन : अगं, तिकडचे लोक तिला काय करतील? त्यांचा मुलगा आपल्या माणसांनी मारलाय. तू जाऊ कशी दिलीस तिला?

एनेलेसी : विचारलं नाही तिनं. माझी चादर घेतली आणि चढली.

वायसन : ड्रायव्हरला फोन लाव, लॅकसन. झोंबा शहरापाशी असतील, परत आणायला सांग.

लॅकसन : मघाशी लावला होता, साहेब. तो म्हणतो, ती उतरत नाही.

वायसन : माझ्यासाठी काही म्हणाली का, ताई?

एनेलेसी : नाही. मला मात्र एक विचारलं. लॉरी सुरू झाली होती, आवाजात नीट ऐकूही येत नव्हतं. म्हणाली, त्याच्या आईच्या दारात गेले की विचारतील, तू कोणाची? आपण इकडे मामाचं नाव सांगतो. काय सांगू?

वायसन : मग?

एनेलेसी : मी म्हटलं, माझं नाव सांग.